कॅम्पसमधील समुदाय, स्पर्धा आणि विद्यार्थ्यांचे शैक्षणिक यश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले मिळतात. चार माणसे जोडून घे, हा पहिला. आणि त्या चौघांच्याही पुढे राहा, हा दुसरा. हे दोन सल्ले एकमेकांना पूरक आहेत की मारक, याचे उत्तर बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या स्वभावात शोधले जाते. प्रत्यक्षात ते महाविद्यालयातील गुणदानाच्या, वर्गरचनेच्या आणि अभ्यासाच्या पद्धतीत अधिक सापडते. विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापक यांच्याकडून या विषयावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्याच दृष्टीने येथे दिली आहेत.

कॅम्पसमधील समुदाय म्हणजे नेमके काय? भरपूर उपक्रम आणि क्लब असले की समुदाय झाला का?

उपक्रमांची संख्या आणि समुदायाची भावना या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड चॅव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये समुदायभावनेची चार अंगे सांगितली, आणि आजही बहुतेक मोजमापे त्यांच्याच आधारे होतात. आपण या गटाचे आहोत असे वाटणे, गटावर आपला आणि आपल्यावर गटाचा काही प्रभाव असणे, गटात राहिल्याने आपल्या गरजा भागणे, आणि एकत्र घालवलेल्या काळातून भावनिक नाते निर्माण होणे, ही ती चार अंगे होत.

यांपैकी दुसऱ्या अंगाकडे महाविद्यालये सर्वांत कमी लक्ष देतात, असे आमचे मत आहे. स्वागत समारंभात नाव पुकारले गेल्याने सदस्यत्व मिळते. पण प्रयोगशाळेची वेळ गैरसोयीची आहे हे विद्यार्थ्यांनी सांगितल्यावर ती खरोखर बदलते का, वर्गात विचारलेल्या प्रश्नामुळे पुढच्या व्याख्यानाची दिशा थोडी तरी बदलते का, यावरून आपल्या शब्दाला तेथे किंमत आहे की नाही हे विद्यार्थ्याला कळते. ज्याच्या शब्दाला किंमत नाही तो कार्यक्रमांना हजेरी लावतो, पण मनाने बाहेरच राहतो.

आपलेपणा वाटू लागला की गुण वाढतात, हे खरे आहे का?

थेट तसे म्हणता येत नाही. स्टीव्हन रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १०९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सरासरी गुणांशी सर्वांत जवळचा संबंध ‘मला हा अभ्यास जमेल’ या विश्वासाचा आणि यश मिळवण्याच्या प्रेरणेचा आढळला. सामाजिक सहभाग आणि सामाजिक आधार यांचा संबंध गुणांपेक्षा शिक्षण पुढे चालू ठेवण्याशी अधिक होता. दुसऱ्या शब्दांत, आपलेपणा विद्यार्थ्याला सर्वप्रथम टिकवून धरतो. तो टिकल्यावर किती शिकेल हे इतरही अनेक गोष्टींवर ठरते.

म्हणून आपलेपणाचे महत्त्व कमी होत नाही. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांनी समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या समाजाशी तुटलेपणाविषयीच्या विचारांचा आधार घेतला होता. महाविद्यालय सोडणाऱ्यांपैकी सगळेच नापास झालेले नसतात. अनेकांचे गुण ठीक असतात, पण आपण येथे नसलो तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, ही भावना त्यांना दाराबाहेर नेते. टिंटो यांनी शैक्षणिक एकरूपता आणि सामाजिक एकरूपता असे दोन भाग केले, आणि आमच्या मते संपूर्ण विषयाची किल्ली त्या विभागणीत आहे. कॅन्टीनमध्ये दहा मित्र असणे आणि प्रमेय अडले तर ज्याला विचारता येईल असा एक मित्र असणे, या दोन्ही सोबतीच आहेत. गुणपत्रिकेवर मात्र दुसरीचा परिणाम दिसतो.

मग समुदायाचा फायदा अभ्यासापर्यंत पोहोचतो कसा?

याचे सर्वांत बोलके उदाहरण बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील आहे. १९७० च्या दशकात युरी ट्रायझमन यांना तेथे असे दिसले की कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी नापास होत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवत होते. त्यांनी सहकारी प्राध्यापकांना कारण विचारले, तेव्हा प्रेरणेचा अभाव, कच्ची पूर्वतयारी, घरची परिस्थिती, कुटुंबाचा पाठिंबा नसणे अशी उत्तरे मिळाली. ट्रायझमन यांनी ही गृहीतके तपासायला घेतली आणि ती एकामागून एक कोसळली. मुले कष्टाळू होती, घरच्यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता, आणि गुणवत्तेच्या बळावरच त्यांना प्रवेश मिळाला होता.

तेव्हा ट्रायझमन यांनी दोन्ही गटांतील विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे जवळून पाहायचे ठरवले. कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात वेळेवर येत, गृहपाठ पूर्ण करत, प्राध्यापकांनी सांगितले असेल तितके म्हणजे आठवड्याला सहा ते आठ तास अभ्यास करत, आणि तो एकट्याने करत. अभ्यास आणि मित्रमंडळ यांच्यात त्यांनी भिंत उभी केली होती. चिनी वंशाचे विद्यार्थी आठवड्याला सुमारे चौदा तास कॅल्क्युलसला देत. त्यातले आठ-दहा तास तेही एकटेच बसत, पण संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे तपासत, लिहिण्यातली भाषा दुरुस्त करत, आणि एखादे गणित कोणालाच सुटले नाही तर ते खरोखरच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला तेच गणित सुटले नाही की आपल्यालाच येत नाही असे वाटे. हा फरक किती खोल आहे, याचा प्रत्येक शिक्षकाने विचार करावा.

ट्रायझमन यांनी यावरून जी कार्यशाळा सुरू केली ती कच्च्या विद्यार्थ्यांसाठीच्या जादा तासासारखी नव्हती. तिच्यात नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली जात, विद्यार्थी ती लहान गटांत सोडवत, आणि त्यांना गुणवंत म्हणून मानाने वागवले जाई. सहभागी विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीयरीत्या सुधारले, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला. समुदाय अभ्यासाच्या टेबलापर्यंत आला, म्हणून त्याचा परिणाम गुणांवर दिसला.

स्पर्धेमुळे अभ्यास सुधारतो की बिघडतो?

कौ मुरायामा आणि अँड्र्यू एलियट यांनी २०१२ मध्ये स्पर्धा आणि कामगिरी यांच्यावरील संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, आणि त्यात या दोहोंमधील सरासरी संबंध जवळजवळ शून्य निघाला. पण येथील शून्य म्हणजे परिणामच नाही असे नव्हे. दोन विरुद्ध दिशांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात, असे त्यांनी दाखवून दिले. स्पर्धा काहींच्या मनात ‘मला इतरांपेक्षा चांगले करून दाखवायचे आहे’ असे ध्येय जागवते, आणि त्याने कामगिरी उंचावते. तीच स्पर्धा इतर काहींच्या मनात ‘मी इतरांपेक्षा वाईट ठरता कामा नये’ असे ध्येय निर्माण करते, आणि त्याने कामगिरी खालावते.

वरकरणी ही दोन वाक्ये सारखी वाटतात. वर्गात मात्र त्यांचा फरक लगेच दिसतो. पहिल्या ध्येयाचा विद्यार्थी अवघड विषय निवडतो, शंका विचारतो, चुकीचे उत्तर फळ्यावर लिहायला कचरत नाही. दुसऱ्या ध्येयाचा विद्यार्थी जेथे हसे होणार नाही असा विषय निवडतो, मागच्या बाकावर बसतो, शंका मनातच ठेवतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ‘मी फारसा अभ्यास केलाच नाही’ असे आवर्जून सांगतो, म्हणजे कमी गुण मिळाले तर कारण तयार असते. दोघेही स्पर्धेतच आहेत, पण एकाला ती पुढे ढकलते आणि दुसऱ्याला शिकण्यापासूनच दूर नेते.

विद्यार्थ्याच्या मनात यांपैकी कोणते ध्येय जागे होईल, हे बऱ्याच अंशी अवतीभवतीच्या वातावरणावर ठरते. चूक झाली तरी आपले स्थान जाणार नाही याची खात्री असलेला विद्यार्थी पहिल्या ध्येयाकडे वळतो. अशी खात्री समुदायच देऊ शकतो, आणि म्हणून समुदाय व स्पर्धा यांचा वेगवेगळा विचार करणे आम्हाला अपुरे वाटते.

तुलनात्मक गुणदान चांगले की निश्चित निकषांवरचे?

तुलनात्मक गुणदानात ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनाच वरची श्रेणी मिळते. वर्गातल्या सगळ्यांनी विषय उत्तम आत्मसात केला तरी कोणाला तरी खालची श्रेणी घ्यावीच लागते. निश्चित निकषांच्या पद्धतीत निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ती श्रेणी मिळू शकते. मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये यामागचे तत्त्व स्पष्ट केले होते. माझे यश तुझ्या यशाला हातभार लावते की तुझ्या यशाच्या आड येते, यावर माणसांचे परस्परांशी वागणे ठरते. डॉइच यांच्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या काही गटांमध्ये सदस्यांचा आपसांत क्रम लावला जाणार होता, तर इतर गटांचे मूल्यमापन संपूर्ण गट म्हणून, दुसऱ्या गटांच्या तुलनेत होणार होते. दुसऱ्या प्रकारच्या गटांत संवाद मोकळा राहिला, सदस्यांनी एकमेकांच्या कल्पना अधिक स्वीकारल्या आणि कामही चांगले झाले. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये : या गटांतही स्पर्धा होतीच. ती गटाबाहेर होती, आणि त्यामुळे आत सहकार्य वाढले.

गुणदानाचा नियम माणसांना कसे वागायला लावतो याचे एक विलक्षण उदाहरण २०१२ च्या अखेरीस जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घडले. तेथील प्रोग्रॅमिंगच्या काही अभ्यासक्रमांत अंतिम परीक्षेतील सर्वोच्च गुण शंभर टक्के मानून बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात ठरवले जात. विद्यार्थ्यांच्या लक्षात आले की परीक्षेला कोणीच बसले नाही तर सर्वोच्च गुण शून्य ठरतील, आणि मग सगळेच सर्वोच्च. ते परीक्षेच्या खोलीबाहेर जमले, दाराशी थांबून राहिले, आणि एकही जण आत जात नाही याकडे सगळ्यांनी लक्ष ठेवले. एक जरी आत गेला असता तर बाकीच्यांचे मोठे नुकसान झाले असते, म्हणून तसे झाल्यास सर्वांनीच आत जाऊन पेपर द्यायची तयारीही ठेवली होती. प्राध्यापकांनी आपल्या नियमाला जागून सर्वांना वरची श्रेणी दिली, आणि नंतर नियम बदलला.

हा प्रसंग गमतीदार म्हणून सांगितला जातो, पण त्यात शिकण्यासारखे बरेच आहे. विद्यार्थ्यांमध्ये परस्परविश्वास होता, संघटनशक्ती होती, आणि तरीही ती सगळी शक्ती विषय शिकण्यासाठी वापरली गेली नाही, कारण गुणदानाच्या नियमाने तिला तसा रस्ताच ठेवला नव्हता. पायाभूत आणि सक्तीच्या अभ्यासक्रमांमध्ये निश्चित निकषांची पद्धतच असावी, असे आमचे ठाम मत आहे. पूल बांधणाऱ्या अभियंत्याने आपल्या वर्गमित्रांपेक्षा अधिक गुण मिळवले होते की नाही याला महत्त्व नाही. त्याला भार मोजता यायला हवा.

हुशार विद्यार्थ्यांच्या सोबतीत राहिल्याने गुण वाढतात का?

काही प्रमाणात वाढतात, पण त्यातली गुंतागुंत ओळखायला हवी. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातील वसतिगृहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतील सोबती चिठ्ठी टाकल्यासारखा मिळत असे, त्यामुळे ‘हुशार मुले हुशार मित्रच निवडतात’ ही अडचण उरली नाही. खोलीतील सोबत्याचा परिणाम पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि विद्यार्थी संघटनांत सामील होण्याच्या निर्णयावर दिसला. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र दिसला नाही. बेरिया महाविद्यालयात टॉड आणि राल्फ स्टाइनब्रिकनर यांना असे आढळले की ज्यांच्या सोबत्याने व्हिडिओ गेमचे यंत्र आणले होते त्यांचा अभ्यासाचा वेळ आणि गुण दोन्ही कमी झाले. सोबत्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या सवयींचा संसर्ग अधिक होतो, हे या अभ्यासातून उघड होते.

मग कच्च्या विद्यार्थ्यांना मुद्दाम हुशारांसोबत ठेवावे का? अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत हेच करून पाहिले गेले. स्कॉट कॅरल, सॅसरडोट आणि जेम्स वेस्ट यांनी आधीच्या माहितीवरून तुकड्यांची अशी रचना सुचवली की कमी गुणांची शक्यता असलेल्या विद्यार्थ्यांना वरच्या श्रेणीतील सोबती मिळावेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट होता : ज्यांना मदत करायची होती त्यांचीच कामगिरी खालावली. एकाच तुकडीत राहूनही विद्यार्थ्यांनी आपापल्या बरोबरीच्यांशीच मैत्री केली, आणि तुकडीच्या आत दोन वेगळे कप्पे तयार झाले. यादी बनवून माणसे शेजारी बसवता येतात, पण त्यांच्यात अभ्यासाचे नाते जुळायला त्यांना एकत्र करण्यासारखे काम द्यावे लागते.

अतिशय नामांकित महाविद्यालयात गेल्यावर आत्मविश्वास का डळमळतो?

हर्बर्ट मार्श यांनी या अनुभवाचे वर्णन ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ असे केले आहे. विद्यार्थी स्वतःची क्षमता आजूबाजूच्यांशी तुलना करून ठरवतो, त्यामुळे सारख्याच क्षमतेचे दोन विद्यार्थी असतील तर निवडक संस्थेत गेलेला स्वतःला कमी समजू लागतो. मार्श यांचे बहुतांश संशोधन शाळांवरील आहे, पण पहिल्या सत्रानंतर वसतिगृहात रडणाऱ्या माजी टॉपर मुलांना पाहिलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला ते पटेल. रॉबिन्स यांच्या आढाव्यात गुणांशी सर्वांत जवळचा संबंध आत्मविश्वासाचा होता हे लक्षात घेतले, तर ही घसरण किरकोळ मानता येणार नाही. अशा वेळी सर्वांत उपयोगी पडते ती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची प्रामाणिक माहिती : पहिल्या सत्रात आपले काय झाले होते, आणि मग काय बदलले.

असे बोलणे खरोखर उपयोगी ठरते, याला काही आधार आहे का?

आहे, आणि तो भक्कम आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण येथले नाही असे जवळजवळ सर्वांनाच वाटते आणि काळानुसार ते ओसरते, असा त्यांचा आशय होता. मग विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत तसेच काही लिहिले आणि कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवले. एवढे सगळे तासाभरात आटोपले. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांशी असलेले अंतर निम्म्यावर आले.

मात्र हा तास म्हणजे जादूची कांडी समजू नये. २०२३ मध्ये २२ संस्थांतील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की जेथे विद्यार्थ्याच्या सामाजिक गटाला सामावून घेण्याच्या खऱ्या संधी होत्या तेथेच हा उपक्रम फळला. संस्थेने दार बंद ठेवायचे आणि विद्यार्थ्याला मात्र ‘तू येथलाच आहेस’ असे सांगायचे, हे चालत नाही.

याच संदर्भात विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये टिंटो यांच्या सिद्धान्तावर घेतलेला आक्षेपही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतील मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्यांनी विचारले की नव्या समुदायाचा भाग होण्यासाठी आपला मूळ समुदाय मागे सोडावा लागतो, ही अपेक्षा न्याय्य कशी? घरची भाषा, घरची माणसे आणि कॅम्पस या सर्वांशी एकाच वेळी नाते ठेवता यावे, अशी व्यवस्था करणे हे संस्थेचे काम आहे.

वसतिगृहात न राहणाऱ्या किंवा नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी काय करावे?

त्यांच्यासाठी वर्ग हाच कॅम्पस असतो. टिंटो यांनी १९९७ मध्ये सिॲटल सेंट्रल कम्युनिटी कॉलेजमधील अभ्यास मांडला. तेथे विद्यार्थी घरून ये-जा करत, अनेक जण नोकरी करत. काही विद्यार्थ्यांना एकमेकांशी जोडलेले विषय एकाच गटासोबत शिकवले गेले, आणि असे विद्यार्थी पुढील सत्रांत टिकून राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते. शेवटची बस पकडायची असणाऱ्याला संध्याकाळच्या क्लबचा उपयोग नाही. त्याची मैत्री तासाच्या आत, कामाच्या निमित्तानेच होऊ शकते, म्हणून तासाची आखणी तशी असायला हवी.

वर्ग जितका मोठा, तितकी स्पर्धा तीव्र होते का?

नाही. स्टीफन गार्सिया आणि अविशालोम टोर यांनी २००९ मध्ये दाखवले की प्रतिस्पर्ध्यांची संख्या वाढली की चुरस उलट कमी होते. वरच्या वीस टक्क्यांना बक्षीस असे दोन्ही गटांना सांगितले असताना, दहा जणांशी स्पर्धा आहे असे समजणाऱ्यांनी शंभर जणांशी स्पर्धा आहे असे समजणाऱ्यांपेक्षा प्रश्न लवकर सोडवले. गर्दीत माणूस तुलना करणेच सोडून देतो.

स्पर्धेचा परिणाम मुलगे आणि मुली यांच्यावर सारखाच होतो का?

म्युरिएल नीडर्ली आणि लिझ व्हेस्टरलुंड यांच्या २००७ मधील प्रयोगात दोन अंकी संख्यांची बेरीज करण्याच्या कामात स्त्री-पुरुषांच्या कामगिरीत फरक नव्हता. तरीही मोबदला स्पर्धेवर ठेवायचा का, असे विचारल्यावर ७३ टक्के पुरुषांनी आणि ३५ टक्के स्त्रियांनी होकार दिला. कोण स्पर्धेत उतरतो यावरून कोणाला येते हे ठरत नाही. ‘ज्याला हवे त्याने पुढे यावे’ अशा पद्धतीने प्रकल्प किंवा संशोधनाच्या जागा वाटणाऱ्या विभागांनी याची नोंद घ्यावी, आणि पात्र विद्यार्थिनींना स्वतःहून विचारावे.

गटाने अभ्यास केला की एक जण राबतो आणि बाकीचे नाव लावतात. मग गटकार्य कशासाठी?

तक्रार रास्त आहे आणि जुनीही आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी १९१३ मध्येच नोंदवले होते की दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढत गेली की प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत जातो. पण यावर उपायही माहीत आहेत. गट तीन-चार जणांचा असावा, प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे दिसावा, आणि काम असे असावे की ते तुकडे करून वाटून घेता येणार नाही. पाच प्रकरणे पाच जणांत वाटून शेवटी एकत्र शिवलेला अहवाल हे गटकार्य नव्हे; त्यात कोणीच कोणाकडून काही शिकत नाही.

नीट आखलेल्या गटअभ्यासाचा परिणाम मात्र ठळक आहे. लिओनार्ड स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये विज्ञान, गणित, अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान या विषयांतील ३९ अभ्यासांचे विश्लेषण केले, तेव्हा लहान गटांत शिकणाऱ्यांची कामगिरी, विषयाविषयीचा दृष्टिकोन आणि टिकून राहणे या तिन्ही बाबी सरस आढळल्या. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन यांच्या चमूने २२५ अभ्यास तपासले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याची शक्यता सक्रिय पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांच्या दीडपट होती.

स्पर्धात्मक वातावरणाचा मानसिक स्वास्थ्याशी काय संबंध आहे?

ज्युली पॉसेल्ट आणि सारा लिप्सन यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील ४० हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांची माहिती अभ्यासली. आपले वर्ग फार स्पर्धात्मक आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात चिंता आणि नैराश्य यांची लक्षणे आढळण्याची शक्यता अधिक होती. स्पर्धेमुळे चिंता वाढते की चिंताग्रस्त विद्यार्थ्याला वातावरण अधिक स्पर्धात्मक भासते, हे अशा एकाच वेळच्या पाहणीतून वेगळे काढता येत नाही. तरीही व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अनुभव विचार करायला लावणारा आहे. तेथे पहिल्या दोन वर्षांत श्रेणींऐवजी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल देण्यास सुरुवात झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले, आणि अभ्यासातील कामगिरीत लक्षणीय फरक पडला नव्हता. चढाओढ काढून घेतली की विद्यार्थी ढिले पडतील ही भीती निदान तेथे तरी खरी ठरली नाही.

ज्या विद्यार्थ्याला सतत झोप लागत नाही, जेवण जात नाही किंवा जगणेच नकोसे वाटते, त्याने हा अभ्यासाच्या नियोजनाचा प्रश्न समजून थांबू नये. समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत लगेच घ्यावी.

प्राध्यापकांना एकट्याच्या पातळीवर काय बदलता येईल?

विद्यापीठाचे नियम हातात नसले तरी बरेच काही करता येते. अंतर्गत मूल्यमापनाचे निकष सत्राच्या सुरुवातीलाच लेखी द्यावेत. निकालाची क्रमवार यादी भिंतीवर लावू नये. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा निकाल आणि मागच्या वेळेच्या तुलनेत झालेला बदल सांगावा. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत कोणत्याही मोठ्या वर्गात चालते : संकल्पनेवर एक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे, आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. यात शेजाऱ्याला समजावताना स्वतःचा गोंधळ उघडा पडतो, आणि तो शेजारी प्रतिस्पर्धी न राहता कामाचा माणूस बनतो.

स्पर्धा हवीच असेल तर ती गटागटांत, थोड्या वेळेची आणि अंतिम श्रेणीवर परिणाम न करणारी असावी.

मी विद्यार्थी आहे. माझ्या वर्गात कोणीच नोट्स देत नाही. मी सुरुवात कोठून करू?

सर्वांना बदलायला जाऊ नका. दोन माणसे शोधा. आपल्यासारख्याच गंभीरपणे शिकू पाहणाऱ्या दोघांना ठरावीक विषयासाठी, ठरावीक वारी, दीड तासासाठी विचारा. ‘एकत्र अभ्यास करू या’ असे मोघम आमंत्रण बहुधा गप्पांत विरते. ‘गुरुवारी तिसऱ्या प्रकरणाची शेवटची सहा गणिते’ असे म्हटले की माणूस तयारी करून येतो.

बैठकीआधी प्रत्येकाने गणिते एकट्याने सोडवून पाहिलेली असावीत. बर्कलीच्या त्या विद्यार्थ्यांचे आठ-दहा तास एकांतातच जात होते, हे विसरू नका. बैठकीत ज्याचे उत्तर चुकले आहे त्याने आधी बोलावे, कारण बरोबर उत्तर ऐकल्यावर आपण कोठे घसरलो हे शोधण्याचा कंटाळा येतो. एकाने पायरी सांगावी, दुसऱ्याने ‘का?’ विचारावे, तिसऱ्याने ती पायरी पुस्तक मिटून स्वतः लिहून दाखवावी. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलाव्यात, म्हणजे एकाच्याच खांद्यावर शिकवण्याचा भार पडत नाही.

नोट्स आधी तुम्ही द्या. तुलनात्मक गुणदान असलेल्या वर्गातही आपण तिघे मिळून शंभर जणांच्या यादीत एकमेकांचे फारसे काही हिरावून घेत नाही. उलट समजावून सांगण्यात जो फायदा होतो तो सांगणाऱ्याला अधिक होतो. दोन-तीन वेळा देऊनही समोरून काहीच आले नाही, तर त्या व्यक्तीविषयी राग न धरता दुसरा जोडीदार पाहा.

आमच्या विभागातील स्पर्धा निकोप आहे की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वेक्षण करण्याआधी काही साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. एखादा विद्यार्थी आजारपणामुळे आठवडाभर गैरहजर राहिला, तर बुडालेल्या तासांच्या नोट्स त्याला न मागता मिळतात का? ग्रंथालयातील संदर्भग्रंथ परीक्षेच्या तोंडावर जागेवर असतो, की कोणीतरी चुकीच्या कपाटात दडवलेला असतो? वर्गात चुकीचे उत्तर दिल्यावर हसे होते की चर्चा सुरू होते? पहिला आलेला विद्यार्थी आपण अभ्यास कसा केला हे मोकळेपणाने सांगतो का? मागे पडलेले विद्यार्थी प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत येतात, की तेथे फक्त टॉपरच दिसतात? यांपैकी दोन-तीन प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल आली, तर सर्वप्रथम विभागाचे गुणदानाचे नियम बाहेर काढून वाचावेत, आणि एकाची श्रेणी दुसऱ्याच्या घसरणीवर अवलंबून ठेवणारे कलम त्यात कोठे आहे ते विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींसह बसून शोधावे.